झाडावर चढून काम करणाऱ्याला अंगाला नीट बसणारा हार्नेस कसा निवडावा?

पारंबी

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं पुण्यात झाडांच्या छाटणीचं काम करतोय. सोसायट्यांमधले गुलमोहर, रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष, मधूनच एखादं जुनं चिंचेचं झाड. परवानगी सोसायटीने वृक्ष प्राधिकरणाकडून काढायची, आम्ही दोर, करवती घेऊन पोचायचं, असं चालतं. काम मनापासून आवडतं. वाळलेली फांदी नेमकी काढून झाड मोकळं झालं की खाली उतरावंसं वाटत नाही.

अडचण हार्नेसची, म्हणजे दोराला अडकवून अंगावर बांधायच्या पट्ट्यांची आहे. माझं वजन ५७ किलो, कंबर २८ इंच. आत्ता वापरतो तो औद्योगिक सुरक्षेच्या दुकानातून घेतलेला फुल बॉडी हार्नेस. आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का आहे, शिलाई चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोरावर बसून पाऊण तास झाला की उजवी मांडी बधिर होते. पट्टा वर सरकून बरगड्यांखाली रुततो. मांडीचे पट्टे जांघेत कापतात. मागच्या महिन्यात चिंचेवर अडीच तास होतो. उतरल्यावर पाच मिनिटं पाय माझा आहे असं वाटत नव्हतं.

आता पैसे साठवलेत. परदेशी हार्नेसची किंमत विचारली तर तीस हजारांच्या पुढे सांगतात, आणि घालून बघायला कुणी देत नाही. फोटो बघून एवढे पैसे टाकायची हिंमत होत नाही. कसं ठरवायचं? कुणी वापरतं का इथे?

निवांत

वाचतोय. झाडावर चढायचे दिवस गेले, पण खाली उभं राहून दोर धरायला कधीही बोलवा.

कातळकडा

पारंबी, आम्ही सह्याद्रीत सुळक्यांवर चढतो. आमचे सिट हार्नेस, म्हणजे नुसते कमरेचे आणि मांड्यांचे, हलके, मांडीचे पट्टे मऊ, लहान मापही मिळतं आणि किंमत तुम्हाला सांगितली त्याच्या पाव. माझ्याकडचा आठ-दहा तास अंगावर असतो, विसरायला होतं. एवढ्या जाड पट्ट्याची गरज काय? फुल बॉडी तर नकोच, त्यात माणूस पाठीवरून टांगला जातो.

शेंडा

कातळकडा, शेवटच्या वाक्याशी सहमत, आधीच्याशी अजिबात नाही. चौदा वर्षं झाडावर आहे, त्यातली पहिली दोन तुमच्याच सारख्या कड्यावरच्या हार्नेसवर काढली, म्हणून सांगतो.

तुमचा हार्नेस आठ तास अंगावर असतो, पण त्यातला किती वेळ तुम्ही त्यात *लटकलेले* असता? कड्यावर भार हातापायांवर असतो. पट्टा पडल्यावर झेलण्यासाठी आणि थोडा वेळ विसाव्यासाठी. झाडावर उलटं आहे. आम्ही त्यात बसूनच काम करतो, दोन्ही हात करवतीला लागतात, आणि तीन-चार किलोची चेनसॉ वर कमरेला टांगलेली असते. दोन बोटं रुंदीचा पट्टा त्या भाराखाली गुंडाळी होऊन हाडात घुसतो.

दुसरं, कड्यावरच्या हार्नेसला कमरेच्या दोन्ही बाजूंना भार घेणाऱ्या कड्या नसतात. त्या सामान अडकवायच्या फासांना लॅनयार्ड, म्हणजे खोडाभोवती फिरवून अडकवायचा आखूड दोर, लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. तो फास करवत टांगण्यापुरता असतो, माणूस टांगण्यासाठी नाही. नवीन मुलांनी हे वाक्य दोनदा वाचा.

युरोपीय मानकं वेगवेगळी का आहेत तेही यातूनच कळतं. ईएन १२२७७ गिर्यारोहणाचं. ईएन ३६१ पडणाऱ्याला थांबवणाऱ्या फुल बॉडीचं. ईएन ३५८ खोडाला टेकून, बाजूच्या कड्यांवर भार देऊन काम करण्याचं. ईएन ८१३ बसून काम करण्याच्या सिट हार्नेसचं. झाडासाठी शेवटचे दोन्ही शिक्के एकाच पट्ट्यावर हवेत. पारंबीकडे आहे तो हार्नेस वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. बांधकामावर पाय घसरला तर तो जीव वाचवतो. त्यात अडीच तास बसायचं असं तो बनवणाऱ्याच्या मनात कधीच नव्हतं.

कातळकडा

हे पटलं. लटकण्याचा वेळ आणि अंगावर असण्याचा वेळ असा फरक मी केला नव्हता. बाजूच्या कड्यांचा मुद्दा तर आमच्या ग्रुपमध्येही सांगणार आहे, कारण पावसाळ्याआधी आमच्यातलेच दोघं-तिघं ओळखीने झाडं छाटायला जातात.

काटेसावर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पारंबी, एक नेमकं सांगा. बधिरपणा मांडीच्या आतल्या बाजूला, मागे, की बाहेरच्या बाजूला? आणि पायातली ताकद जाते का?

पारंबी

ताई, बाहेरच्या बाजूला. पॅन्टच्या खिशात हात घातला की तळवा टेकतो तिथून गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत. मुंग्या येतात, मग चामडी जाड झाल्यासारखी वाटते. ताकद असते, जिना चढता येतो. आणि नेहमी उजवाच पाय. करवतही उजवीकडेच टांगतो, त्याचा संबंध असेल का?

काटेसावर

बहुतेक असणार. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही सांगितलेली जागा एका ठरावीक नसेची आहे. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे हाडाची टोकं हाताला लागतात ना, त्याच्या अगदी जवळून मांडीच्या बाहेरच्या त्वचेला संवेदना देणारी एक नस खाली जाते. ती फक्त स्पर्शाची आहे, स्नायूंची नाही. म्हणून बधिरपणा येतो पण ताकद जात नाही. घट्ट पट्टे आणि कमरेला जड सामान बांधणाऱ्यांमध्ये हा त्रास ओळखीचा आहे.

आता तुमचं चित्र जोडून बघा. उजवीकडे करवत, तिच्या वजनाने पट्टा उजवीकडे खाली ओढला जातो आणि त्याची कड बरोबर त्या टोकावर बसते. डावीकडे तोच पट्टा वर चढून बरगडीला लागत असेल.

पट्टा त्या टोकांवर नाही, त्यांच्या वर, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला टेकून बसायला हवा. करवत आलटून पालटून दोन्ही बाजूंना टांगा, लागत नसेल तेव्हा खाली सोडा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी फांदीवर उभं राहून भार काढा. आणि हार्नेस नसतानाही, रात्री झोपेत वगैरे मुंग्या येत राहिल्या तर प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवा. पुढे ढकलू नका.

पारंबी

ताई, आत्ता आरशासमोर घालून बघितलं. डावीकडे बरगडीखाली आणि उजवीकडे थेट त्या टोकावर. सहा वर्षं कुणी हे सांगितलं नव्हतं.

वाडीवाली

धागा वाचून राहवलं नाही. आमची गुहागरकडे नारळ-सुपारीची वाडी आहे. तुम्ही कुठला हार्नेस आरामशीर हे विचारताय, आमच्याकडे हार्नेसच नाही. माड पाडायला येणारे काका साठीच्या पुढचे. पायात दोरीचा फास, कमरेला आकडीत कोयता, बस्स. माड साठ फुटांच्या वर गेलेत. दर दीड-दोन महिन्यांनी ते चढतात आणि तो तासभर मी अंगणात येत नाही, मला बघवत नाही. सासूबाई म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. मला ते उत्तर पुरत नाही.

मोठ्या झाडांचा हार्नेस माडाला चालतो का? की माडासाठी वेगळं काही असतं?

वेंगुर्लेकर

माझो बापूस चाळीस वर्सां माडार चढलो. पट्टो बांधलो तर लोक हसतीत म्हणान कधी बांधूक नाय. एकदा पावसाळ्यात शेवाळार पाय सरकलो, अर्ध्यार होतो म्हणान वाचलो, पण कंबर गेली ती गेलीच. वाडीवाली ताई, काकांका पट्टो देवाच. हसतीत त्यांका हसांदे.

फोंडेकार

आमच्या गोव्यातही तीच कथा. पाडेली, म्हणजे माडावर चढणारे, मिळत नाहीत, जे आहेत ते वयस्कर, त्यांची मुलं हे काम करायला तयार नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा? केरळात हाच प्रश्न आधी आला, म्हणून नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये नारळ चढणाऱ्यांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. सहा दिवसांचं असतं, त्यात चढायचं यंत्र वापरायला शिकवतात. बायकाही शिकल्या. माड चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा नावाची विमा योजनाही मंडळाचीच. वाडीवाली, काकांचं नाव त्यात घालता येईल का ते जरूर विचारा.

यंत्र म्हणजे दोन चौकटी, प्रत्येकीची तार खोडाभोवती फिरते, एकेक पाय उचलत वर जायचं. उभं राहून चढायचं कण्णूरकडचं चेंबेरी मॉडेल आणि बसून चढायचं कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाचं, असे दोन प्रकार जास्त दिसतात. पण यंत्र असलं तरी कमरेचा पट्टा हवाच. तार घट्ट असते, पाय मात्र चौकटीतून सुटू शकतो.

शेंडा

माडाला पूर्ण झाडाचा हार्नेस घातला तर चालेल, पण पद्धत वेगळी. आंब्यावर आपण वरच्या जाड फांदीवरून दोर टाकून त्यावर लटकतो. माडाला फांदीच नाही. झावळीला तर कधीच बांधू नका, पिकलेली झावळी हातात येते. म्हणून सगळा भरवसा खोडाभोवतीच्या लॅनयार्डवर. तो नुसता सैल वेढा असेल तर पाय सुटल्यावर माणूस खोडावरून घसरत खालीच येणार. वेढा असा हवा की भार आला की खोडाला आवळेल. किमान दोन वेढे, आणि वर पोचल्यावर शेंड्याच्या खाली खोडाला आवळून घेतलेला दुसरा दोर. मगच कोयता काढायचा.

कोयत्याबद्दल अजून एक. नायलॉनचा दोर ताणलेला असताना त्याला धार नुसती लागली तरी तो दुधीसारखा कापला जातो. करवत किंवा कोयता चालवताना आतून पोलादी तार असलेला लॅनयार्ड वापरतात तो याचसाठी.

वाडीवाली

आणि सुपारी? पावसाळ्याआधी कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारायला जो येतो, तो एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेऊन जातो, खाली उतरतच नाही. त्याला बांधून कसं ठेवणार?

शेंडा

खरं सांगतो, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. एका खोडाला बांधलेला माणूस दुसऱ्या खोडावर जाऊ शकत नाही, आणि हात सोडायच्या आधी दुसऱ्या खोडाला बांधून घेत गेला तर दिवसाला निम्म्या पोफळी होतील. मी मालक असतो तर निम्म्याच करून घेतल्या असत्या आणि मजुरी पूर्ण दिली असती. नाहीतर लांब नळीने खालून फवारणी.

आणि बोर्डो लागलेला पट्टा वापरत असाल तर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा. त्यात मोरचूद आणि चुना. रसायन लागलेल्या पट्ट्याचा भरवसा धरू नये. बॅटरीच्या ॲसिडचा एक थेंब लागला तरी तो पट्टा माझ्याकडे बाद. आत किती खाल्लंय ते डोळ्यांना दिसत नाही.

शिवणटिपण

मी ताडपत्री आणि सॅक शिवतो, कोल्हापूर. पारंबीला नवीन हार्नेस कशाला? आहे त्याच्या मांडीच्या पट्ट्यांना चांगला दोन इंची फोम लावून जाड धाग्याने शिवून देतो. हजार रुपयांत काम. कमरेलाही रुंद पाठ लावू.

शेंडा

दादा, तुमच्या हातावर शंका नाही, पण भार घेणाऱ्या पट्टीत सुई घालायची नाही. त्या विणीचे धागे सुईने तुटतात, आणि बनवणाऱ्याने तपासलेली ताकद त्या क्षणापासून कुणालाच माहीत नसते. या पट्ट्या पंधरा किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड हजार किलोच्या ओढीला तपासलेल्या असतात. एका नव्या शिलाईने ते सगळं वाया. आणि जाड फोम घातला की पट्टा त्वचेपासून दूर गेला, भार आला की फोम दबतो आणि घट्ट केलेला पट्टा सैल होतो.

शिवणटिपण

बरं, मग असं करू. पट्टीला हात लावत नाही. वेगळी नळीसारखी खोळ शिवतो, आत पातळ घट्ट फोम, एका बाजूला वेल्क्रो. पट्टा त्यातून ओवायचा, वाटेल तेव्हा काढायची. पट्टी तपासायची तर खोळ उघडून सगळी दिसेल.

शेंडा

हे उत्तम. आतली बाजू जाळीच्या कापडाची करा, घाम धरणार नाही. बकलपासून चार बोटं लांब ठेवा, म्हणजे बकलात अडकणार नाही. दोन जोड माझ्यासाठी शिवा, पैसे आधी पाठवतो.

निवांत

धाग्यावर भांडण सुरू झालं म्हणून खुर्ची ओढून बसलो होतो, ऑर्डर देऊन संपलं की!

कुर्डू

वनस्पतीशास्त्र शिकवते. पश्चिम घाटात फुलं-बिया गोळा करायला उंच झाडांवर जावं लागतं, त्यामुळे हा प्रश्न माझाही. बायकांच्या मापाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

माझी अडचण पारंबीच्या उलट. कंबर लहान, नितंब रुंद. कमरेच्या मापाने हार्नेस घेतला की मांडीचे पट्टे लागत नाहीत, मांडीच्या मापाने घेतला की कमरेला सैल. अनेक हार्नेसना कमरेचा आणि मांडीचा पट्टा मागून जोडणारी पट्टी असते, तिची लांबी कमीजास्त करता येते का ते बघावं. माझ्यासाठी तेवढ्याने सगळं बदललं. ती आखूड असेल तर मांड्या वर ओढल्या जातात, सगळा भार जांघेत. फार लांब असेल तर भार कमरेवर येतो आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. बसल्यावर खुर्चीत बसल्यासारखं वाटलं, भार अर्धा-अर्धा वाटला, की ती लांबी बरोबर.

अवांतर: आंब्यावर ओंबील असेल तर माप वगैरे सगळं विसरायला होतं. त्या तांबड्या मुंग्या नेमक्या पट्ट्याखाली शिरतात, आणि पट्टा काढता तर येत नाही. चढायच्या आधी दुर्बिणीने पानांची शिवलेली घरटी शोधते मी.

कातळकडा

ओंबील +१. केळवलीचा एक आंबा अजून आठवतो.

टेम्सकाठी

मूळचा साताऱ्याचा, आता इंग्लंडमध्ये झाडांच्याच कामात आहे. इथली एक गोष्ट सांगण्यासारखी. माणूस उचलणारं साहित्य म्हणून हार्नेस आणि दोर दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून त्याची नोंद ठेवावी लागते, कायदाच आहे, १९९८ चा. त्यामुळे प्रत्येक पट्ट्याला जन्मतारीख आणि इतिहास असतो. पारंबी, तिथे कायदा नसला तरी वही ठेवा. कधी घेतला, कधी भिजला, कधी झटका बसला. सेकंड हँड हार्नेस कितीही स्वस्त मिळाला तरी इतिहास माहीत नसेल तर घेऊ नका. पेट्झलसारखे बनवणारे कापडी वस्तूंना जास्तीत जास्त दहा वर्षं देतात, तेही नीट वापरल्या तर.

बधिरपणाच्या बाबतीत एक प्रश्न काटेसावर यांना. बेशुद्ध होऊन लटकलेल्या माणसाला उतरवल्यावर लगेच आडवं करायचं नाही, बसवून ठेवायचं, असं मला पूर्वी शिकवलं होतं. नंतर उलट शिकवलं. बरोबर काय?

काटेसावर

नंतरचं बरोबर. माणूस हालचाल न करता पट्ट्यात लटकला की पायांतलं रक्त परत वर ढकलणारे स्नायू थांबतात, रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं आणि शुद्ध जाते. आडवा असता तर चक्कर आल्यावर पडून सावरला असता, पण पट्टा त्याला उभाच धरून ठेवतो. हे काही मिनिटांत होऊ शकतं. बसवून ठेवायच्या जुन्या सल्ल्याला पुरावा सापडला नाही, ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने २००९ मध्ये केलेल्या आढाव्यात हे स्पष्ट झालं. उतरवा, आडवं करा, श्वास बघा, १०८ ला फोन करा.

म्हणून पारंबी, खरा प्रश्न असा: तुम्ही वर बेशुद्ध झालात तर तुम्हाला खाली कोण आणणार? अग्निशमन दल येईपर्यंत वाट बघणं फार होतं.

पारंबी

ताई, खाली दोन मुलं असतात, पण चढता येणारा मीच एकटा. हे लिहितानाच चूक कळते आहे.

शेंडा

पारंबी, बोलू का एक? नाशिकला या. माझ्याकडे तीन हार्नेस आहेत. पेट्झलचा सिकोया, टॉयफेलबर्गरचा ट्रीमोशन आणि एक साधा, रुंद पाठीचा. आवारात कडुलिंब आहे, जमिनीपासून दोन फुटांवर लटकायचं. दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, करवतीसकट, कामाचे कपडे घालून. दुकानात उभ्याने घातलेला प्रत्येक पट्टा छानच वाटतो. पाचव्या मिनिटाला खरं काय ते कळतं. एका मुलालाही घेऊन या, दुसऱ्याला खाली कसं आणायचं ते दोघं शिका. नवीन पट्ट्याच्या आधी हे.

पारंबी

आलो. रविवारी.

निवांत

तीन आठवडे झाले, पारंबी कुठे आहेत? धागा खाली जाऊ देणार नाही.

पारंबी

उशीर झाला, माफ करा. पावसाळ्यापूर्वीची कामं चालू आहेत.

नाशिकला गेलो होतो. शेंडादादांनी दोन दिवस दिले आणि घरी जेवूही घातलं. त्यांच्या आईच्या हातच्या मांड्यांबद्दल वेगळा धागा काढावा लागेल. जे शिकलो ते सांगतो.

पहिला हार्नेस घातला तेव्हा इतका आराम वाटला की हाच घ्यायचा असं तिथल्या तिथे ठरवलं. सातव्या मिनिटाला कळलं की तो मला मोठा आहे. कंबर पूर्ण आवळूनही पट्टीची दोन्ही टोकं जवळपास भिडली होती, म्हणजे आवळायला जागाच उरली नव्हती, आणि भार आला की सगळा पट्टा वर सरकायचा. माझा जुना हार्नेस हेच करत होता. मी त्याला सहा वर्षं "टोचतो" म्हणत होतो, खरं तर तो माझ्या मापाचाच नव्हता. माझ्यासारख्या किडकिडीत माणसाने सगळ्यात लहान माप मागायचं, आणि पूर्ण आवळल्यावरही चार बोटं पट्टी शिल्लक राहते का ते बघायचं. हिवाळ्यात जाड कपडे, उन्हाळ्यात पातळ, दोन्हीला जागा हवी.

दुसरा कमरेला बरोबर बसला, पण समोरचा ब्रिज, म्हणजे ज्या दोराच्या तुकड्यावर कडी डावी-उजवीकडे सरकते तो, मला लांब पडत होता. दादांनी आखूड केला तर हात वर पोचायला सोपं झालं. त्यांनी हेही दाखवलं की कडी घासून घासून तो तुकडा आधी झिजतो, म्हणून दररोज बोटाने चाचपायचा आणि मऊ पडला की बदलायचा. मागची जोडपट्टी कुर्डूताईंनी सांगितल्याप्रमाणे एक इंच सैल केली. पंधरा मिनिटं बसलो, मग अर्धा तास. करवत डावीकडे. मांडी जागी होती!

तो नवा घ्यायला अजून दोन महिने लागतील. तोवर दादांचा तिसरा, साधा, लहान मापाचा मला वापरायला दिलाय. त्याची वहीसुद्धा दिली, पहिल्या पानापासून लिहिलेली. शिवणटिपण दादांची खोळ त्याला बसवलीय आणि ती अगदी मस्त आहे.

आणि माझा मुलगा, म्हणजे कामावरचा, आता मला वरून खाली आणू शकतो. आम्ही दर सोमवारी काम सुरू करायच्या आधी एकदा करतो. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, काल चार.

काटेसावर

चार मिनिटं! हे वाचून फार बरं वाटलं. मांडीचं काय?

पारंबी

तीन आठवड्यांत एकदाच मुंग्या आल्या, तेही करवत उजवीकडे विसरलो होतो तेव्हा.

वाडीवाली

अभिनंदन पारंबी. माझ्याकडची बातमी थोडी वेगळी. काकांशी बोलले. आधी हसले, मग गप्प बसले, मग म्हणाले, "आमच्या भावाला बांधला असतास तर बरं झालं असतं." त्यांचा भाऊ माडावरून गेला हे मला लग्नानंतरच्या बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

एक साधा कमरेचा पट्टा आणून दिला. घालून अर्ध्यावर गेले आणि उतरले. तक्रार एकच, आकडी कमरेला मागे असते, पट्टा नेमका तिच्यावर येतो आणि हाड दुखतं. आकडी सोडायला ते तयार नाहीत, आणि पट्ट्याचं माप मी दुकानदाराला अंदाजाने सांगितलं होतं.

शेंडा

ताई, एक उपाय करून बघू. पट्टा हाडाच्या वर बांधायचा, आकडी त्याच्या खाली, थोडी उजवीकडे. भार येतो तो पट्ट्यावर, आकडीवर कोयत्याचंच वजन. मात्र नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर लटकायची वेळ आली तर तो वर सरकून पोटात रुतेल, म्हणून मांडीचे पट्टे असलेलाच द्या.

पारंबी

ताई, पुढच्या महिन्यात चिपळूणला एक काम आहे. तिथून गुहागर जवळच. दोन हार्नेस घेऊन येतो, माझा आणि दादांकडचा. काकांना आधी अंगणातल्या आंब्याला दोन फुटांवर बसवू, त्यांना पटलं तरच माडाकडे जाऊ. कमरेचं आणि मांडीचं माप तेवढं घेऊन ठेवा. कामावर जे नेसतात त्यावरून घ्या.

वाडीवाली

घेतलं. कंबर तीस, मांडी एकोणीस. आकडी काढून.